भित्र्या प्रशांतचा पेनड्राइव्ह

रामनगरात बसस्टँडसमोरच्या ओळीत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. त्याच गाळ्यात मधे प्लायवूडचा आडोसा घालून पलीकडं प्रशांत कॉम्प्युटर दुरुस्त करतो. माझं नाव यमुना, पण गावात सगळे मला अक्का म्हणतात. माझ्या जिभेच्या धाकानं म्हणतात, असं प्रशांतचं मत आहे. त्याच्या मताला फार किंमत देऊ नका, कारण ज्याचा त्याला धाक वाटत नाही अशी गोष्ट मला चौदा वर्षांत सापडलेली नाही.

वीज कडाडली की तो दुकानातले सगळे प्लग उपटतो. मग माझंही मशीन बंद करतो, गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी. जोयड्याच्या रस्त्यानं संध्याकाळी जात नाही, कारण हत्ती. दारात पोस्टमन दिसला तर मला पुढं करतो. एकदा मुलगी बघायला खानापूरकडं गेला होता. मुलीच्या वडिलांनी "पुढचा विचार काय?" एवढंच विचारलं, तर हा पठ्ठ्या पोह्यांची बशी तशीच ठेवून उठला. आता एकेचाळीस वर्षांचा झालाय आणि तो विषय मीही काढत नाही.

त्यांचं जुनं, सुपा गावातलं घर धरणात गेलं तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. उठा, पाणी येतंय, असं सगळे सांगत होते, पण त्याचे वडील शेवटच्या दिवसापर्यंत उठले नाहीत. मग हाताला लागेल ते गाडीत टाकून निघाले आणि कागदपत्रांची पेटी मागं राहिली. ती पेटी राहिल्याचं त्याच्या आईनं त्याला इतक्यांदा सांगितलंय, की ती आपणच विसरून आलो असं त्याला वाटतं. त्यामुळं दुसऱ्याचा कॉम्प्युटर उघडायच्या आधी तो तीन-तीनदा विचारतो, "आत काय हाय? दुसरीकडं कुठं ठेवलंय का?" माझ्याकडच्या वाया गेलेल्या झेरॉक्स मागून घेतो आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत बसतो. काय केलं, काय झालं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलली की लिहायची. मी त्याला म्हणायचे, अरे, तू दुरुस्ती करतोस की पंचनामा?

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला दोघी आल्या. ऑगस्टचा पाऊस चौथ्या दिवशीही थांबला नव्हता. पुढं पारूबाई, गुंद गावची, पन्नाशीच्या आतबाहेरची, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. मागं तिची मुलगी मयूरी, बीकॉम झालेली, हातात नवीकोरी चाकाची बॅग. पारूबाईनं पदराखालून एक गाठोडं काढलं. आधी गोणपाट, मग जुनं लुगडं, आणि आत लॅपटॉप.

"माझ्या ल्येकाचा हाय," ती म्हणाली. "नागराजचा. चालू हुईना झालाय. ह्यातले कागद तेवढे काढून द्या. पाच वाजायच्या आत."

"पाचच का?" प्रशांतनं विचारलं. घाईची कामं त्याला आवडत नाहीत.

"पाचला हिला न्यायला जीप येणार."

मयूरी आईकडं बघत म्हणाली, "आवयचं काय ऐकू नका, अक्का. उगाच भितीया ती."

मग सगळं कळलं ते असं. नागराज जूनमध्ये नोकरीला परदेशी गेला होता. सिंगापूरच्या हॉटेलात कॉम्प्युटरवर बुकिंग घ्यायचं काम, असं घरी सांगून गेला. नोकरी लावून दिली ती रामनगरातल्या गुरुदासनं, परदेशी माणसं पाठवायचं काम करतो त्यानं. पहिले काही आठवडे तो रोज बोलून पाठवायचा, म्हणजे आवाज भरून. आज काय जेवलो, म्हैस व्याली का. मग आवाज बंद झाला आणि लिहिलेले मेसेज यायला लागले. सगळं छान आहे. पगार छान आहे. इथं आणखी एक जागा आहे, मयूरीला पाठवा. गुरुदासनं तिचंही सगळं जमवलं. त्या दिवशी पाचला जीप, मग गोव्याचा विमानतळ.

"एकोणीस दिस झाले, त्याचा आवाज न्हाई," पारूबाई म्हणाली. "फोन केला की कट करतोय नि मग लिवतोय. मला वाचाय येत न्हाई ह्ये त्याला ठावं हाय. मग त्यो लिवतो कुणाला?"

मयूरी वैतागून बाहेर बघायला लागली. मला मात्र तिचं म्हणणं पटलं. तरी मी काय म्हणाले ते सांगते, लाज वाटते तरी सांगते. मी म्हणाले, "गुरुदास तसला माणूस नाही हो. माझं रोजचं गिऱ्हाईक आहे. गंध लावतो, मोठ्यांच्या पाया पडतो." पारूबाईनं लॅपटॉप प्रशांतपुढं सरकवला. तिला एवढंच हवं होतं, की नागराजनं जायच्या आधी जे कागद लॅपटॉपमध्ये ठेवले होते ते कुणीतरी वाचून सांगावेत. कुठल्या गावाला गेला, कुणाकडं गेला. कागदावर लिहिलेलं गाव खरं निघालं तर मयूरीला जाऊ देणार होती. घरी नवऱ्याला तिनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्याचा गुरुदासवर विश्वास होता.

प्रशांतनं बटण दाबलं. पडद्यावर खिडकीचं चिन्ह आलं, गेलं, आलं, गेलं. तिसऱ्यांदा निळा पडदा आला आणि सगळं बंद पडलं. आतून बारीक टक् असा आवाज आला, आणि प्रशांतचा चेहरा उतरला.

"डिस्कचा आवाज हाय का काय, कळंना," तो म्हणाला. "फार येळा चालू-बंद करून चालणार न्हाई."

त्यानं खणातून लाल पेनड्राइव्ह काढला. त्यात लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम असते. कॉम्प्युटरची स्वतःची सिस्टीम बिघडली तर या पेनड्राइव्हवरनं तो सुरू करता येतो, आतलं काही न हलवता, आणि फाइली बाहेर काढता येतात. पारूबाईला त्यानं सांगितलं, "दाराचं कुलूप बिघडलंय, म्हणून खिडकीतनं आत उतरायचं."

पेनड्राइव्ह लावला. यादी आली. वरची ओळ, नुसतं चालवून बघा. खालची ओळ, मशीनवर बसवा. खालची दाबली गेली तर आतलं पुसलं जायची भीती. प्रशांतनं खालच्या ओळीवर स्वतःचा अंगठा ठेवून ती झाकली, वरची निवडली आणि डोळे मिटून बटण दाबलं. मी एरवी हसले असते. त्या दिवशी मीही श्वास धरून बसले होते.

चिन्ह आलं. खाली ठिपके फिरायला लागले. फिरता फिरता थांबले. आम्ही वाट बघितली. प्रशांतनं कॅप्स लॉकचं बटण दाबून बघितलं, त्याचा दिवा लागेना. म्हणजे मशीन पार गोठलं होतं. बंद करायला बटण दाबून धरावं लागलं आणि तेवढा वेळ तो देवाचं नाव घेत होता.

त्यानं कागद ओढला आणि लिहिलं. एक: डावीकडचं छिद्र, ठिपक्यांवर अडकलं. मग उजवीकडच्या छिद्रात लावून बघितलं. तिथंही तेच. मग तो पेनड्राइव्ह स्वतःच्या मशीनला लावला, तिथं झटक्यात सुरू झाला. म्हणजे पेनड्राइव्ह चांगला. मग सुरुवातीच्या यादीत जाऊन एक शब्द वाढवला, पडद्याची चिप साधी चालावी म्हणून. पुष्कळ लॅपटॉप तिथंच अडकतात, म्हणाला. पुन्हा ठिपके, पुन्हा थांबले. प्रत्येक वेळेला पारूबाई पडद्याकडं नाही, प्रशांतच्या तोंडाकडं बघत होती. त्याचं तोंड लपवाछपवी करणाऱ्यातलं नाही, त्यामुळं तिला सगळं कळत होतं.

एक वाजायला आला तेव्हा आडोशाच्या माझ्या बाजूनं आवाज आला, "अक्का, आहात का?"

गुरुदास. भिजलेली छत्री बाहेर ठेवून आडोशापर्यंत आत आला, कपाळाला गंध. त्याला मयूरीच्या पासपोर्टच्या झेरॉक्स हव्या होत्या. मयूरीला बघून हसला.

"अगं, तू इथंच? तयारी झाली?"

"झाली," मयूरी म्हणाली.

मग त्याची नजर पारूबाईवर गेली, आणि तिथून टेबलावर. प्रशांतनं तोवर लॅपटॉपवर लुगडं ओढलं होतं, पण एक कोपरा उघडा होता.

"कुणाचा हो?" गुरुदासनं सहज विचारावं तसं विचारलं.

प्रशांत चौदा वर्षांत माझ्यासमोर खोटं बोललेला नाही. खोटं बोलायची भीती वाटते म्हणून. त्याच्या कपाळावर घाम आला आणि तो म्हणाला, "शाळेच्या मास्तरांचा." आवाज घोगरा आला, पण आला.

गुरुदास लुगड्याचा तो उघडा कोपरा बघत राहिला. मी माझ्या बाजूला जाऊन मशीनचं झाकण आपटलं आणि म्हणाले, "किती प्रती?" तो म्हणाला, तीन. मी त्या काढून दिल्या. पासपोर्टवरचा मयूरीचा फोटो तीन वेळा माझ्यासमोरनं गेला. "पाचला तयार राहा हां," असं तिला सांगून तो गेला. जाताना छत्री झटकायला दारात जरा जास्तच वेळ थांबला, असं मला वाटलं.

"शाळेच्या मास्तरांचा का म्हणालात?" मयूरीनं प्रशांतला विचारलं. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला होता.

"मला भ्या वाटलं," प्रशांत म्हणाला. लॅपटॉपवरचं लुगडं त्यानं परत बाजूला केलं.

पुढची खेप त्यानं वेगळी केली. चिन्ह आणि ठिपके दिसतात त्यांच्या मागं मशीन काय काय करतंय, त्याच्या ओळी पडद्यावर येऊ दिल्या. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि एका ओळीवर थांबल्या. त्यानं ती ओळ उतरवून घेतली. परत चालू केलं. या वेळी भलत्याच ओळीवर थांबलं. तीही उतरवली. तिसऱ्यांदा तिसरीच. मग तो पेन्सिल दाताखाली धरून बसून राहिला.

"एकाच जागी अडकत असतं तर आतल्या सिस्टीमचा दोष," तो हळू म्हणाला. "ह्ये दर खेपंला दुसऱ्या जागी मरतंय. म्हंजे मशीनलाच काय तरी झालंय. पाणी लागलं हुतं का?"

"न्हाई, न्हाई," पारूबाई घाईनं म्हणाली. "थेंब लागू दिला न्हाई."

त्यानं लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले, मागचं झाकण उचललं. आणि आमच्या दुकानात चुलीचा वास पसरला. आत सगळीकडं तपकिरी, चिकट थर बसला होता. पंख्याची पाती काळी झाली होती. प्रशांतनं बोट फिरवलं, बोटाला काजळी लागली.

"ह्यो कुठं ठेवला हुता?"

"माळ्यार," पारूबाई म्हणाली. "चुलीवरच्या."

गुंदला पावसाळ्यात काय होतं ते इकडच्यांना सांगायला नको. चपलेला बुरशी, उशीला बुरशी, पेटीतल्या साडीला बुरशी. म्हणून भाताचं बियाणं, लावणीचे कंद, जे म्हणून जपायचं ते सगळं चुलीवरच्या माळ्यावर जातं. खाली दिवसभर धूर, वर ना ओल ना कीड. नागराज गेला तेव्हा त्याची वस्तू खराब होऊ नये म्हणून पारूबाईनं ती बियाण्याशेजारी ठेवली होती. अडीच महिने रोज धूर दिला होता.

"बी तिथं वरीसभर ऱ्हातंय," ती म्हणाली. मग प्रशांतच्या बोटावरची काजळी बघून तिला उमगलं. "म्हंजे मीच? मीच मारलं व्हय ह्येला?"

प्रशांतला रडणाऱ्या माणसाची फार भीती वाटते. तो म्हणाला, "पारूबाई, मेलं न्हाई अजून. जरा दम धरा." त्याचाच धीर सुटलेला मला दिसत होता. मयूरीनं आईचा हात धरला. सकाळपासून तिनं आईला हात लावलेला नव्हता.

मेमरीच्या दोन पट्ट्या असतात. प्रशांतनं त्या काढल्या. पट्टीच्या कडेचे सोनेरी दात धुरानं काळपट पडले होते. त्यानं खोडरबर घेतला, शाळेतल्या पोरांचा असतो तसला, आणि एकेक दात घासला. मनगट टेबलावर दाबून धरलं होतं. पंखा रंगाच्या जुन्या ब्रशनं साफ केला. मग एकच पट्टी लावली, दोन्ही नाही. एका वेळी एकच गोष्ट. मला ओरडावंसं वाटत होतं की अरे लाव दोन्ही, तीन वाजले. मी ओरडले नाही.

लाल पेनड्राइव्ह लावला. अंगठ्यानं खालची ओळ झाकली. ओळी सरकायला लागल्या. मघाच्या पहिल्या जागेच्या पुढं गेल्या, दुसऱ्या जागेच्या पुढं गेल्या आणि एकदम थांबल्या. पारूबाईनं तोंडावर पदर घेतला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पडदा निळसर झाला होता आणि त्यावर बाण हलत होता, म्हणजे मशीन सुरू झालं होतं.

प्रशांत हसला नाही. त्यानं आधी डिस्क उघडली. फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही, अशी सूचना आली, आणि मग कुठं त्यानं श्वास सोडला. "बेस झालं," म्हणाला. "आता चुकून पुसलं जायला नको." नागराजच्या फोल्डरमधलं सगळं दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतलं आणि मग एकेक कागद उघडायला लागला.

पहिलं विमानाचं तिकीट. मयूरी पुढं वाकून वाचायला लागली आणि मधेच थांबली.

"सिंगापूर न्हाई ह्ये," ती म्हणाली. "बँकॉक लिवलंय. परतीचं न्हाई. निस्तं जायाचं."

"म्हंजे कुठं?" पारूबाईनं विचारलं.

मयूरीनं फोन काढला आणि भावाला लावला. दोन रिंगा वाजल्या, कट झाला. लगेच मेसेज आला. मीटिंगमध्ये आहे, पाचला निघ, तिथं कुणाशी बोलू नकोस. मयूरीनं तो आम्हाला वाचून दाखवला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. फोनच्या त्या टोकाला जो कोण होता, तो आम्हाला बघतोय असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, मी दाराकडं दोनदा बघितलं.

प्रशांतनं दुसरा कागद उघडला. कंपनीचं नेमणुकीचं पत्र. वर कंपनीचं नाव, चिन्ह, खाली सही. भोवती निळी वेलबुट्टीची चौकट.

ती चौकट बघितली आणि मी पुढं वाकून तिचा खालचा कोपरा बघितला.

ती माझी आहे. बारशाच्या आणि सत्यनारायणाच्या निमंत्रणांसाठी मी स्वतः बसून ती कॉम्प्युटरवर काढलेली आहे. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातलं फूल अर्धं कापलेलं, कारण माझा प्रिंटर तेवढी जागा छापत नाही. पत्रावरही ते फूल अर्धंच होतं. सिंगापूरच्या कंपनीच्या पत्रावर.

एप्रिलमध्ये गुरुदास आला होता. म्हणाला, "अक्का, कंपनीच्या पत्रावर चहा सांडला. मी सांगतो तसं टाईप करून द्या, नाव तेवढं रिकामं ठेवा. आणि जरा छान दिसू दे." मी छान दिसू दिलं. त्यानं पत्ता सांगितला, मी टाईप केला. चिन्ह त्याच्या फोनवरनं घेतलं. सहा प्रती छापल्या. मूळ पत्र दाखव, असं मी म्हणाले नाही. प्रशांत गिऱ्हाइकाला तीन-तीनदा विचारतो म्हणून हसणारी मी, मी एकदाही विचारलं नाही.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं तेही लिहिते. मनात आलं की गप्प बसावं. तिकिटावरनं सगळं कळलंच आहे, मुलगी आता जाणार नाही, चौकट कुणाच्या लक्षात येणार आहे? पोलीस येतील, दुकान जाईल, गाव थुंकेल. मी एवढी घाबरले होते की माझा हात आपोआप पुढं गेला आणि मी पडद्यावरचं पत्र बंद करायला निघाले.

प्रशांतनं माझ्याकडं बघितलं. ती चौकट त्यानंही ओळखली होती. माझ्या प्रिंटरची खोड त्यालाच तर ठाऊक, दहा वेळा उघडलाय त्यानं. तो नुसता माऊस धरून बसला, आणि मला जमेपर्यंत थांबला.

"पारूबाई," मी म्हणाले, "हे पत्र खोटं आहे. हे मी छापलंय. इथं, या मशीनवर."

मयूरीनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत जे आलं ते मी लिहीत नाही.

प्रशांत उठला. माझ्या प्रिंटरवर पत्राची आणि तिकिटाची प्रत काढली, आपले पाठकोरे कागद त्यालाच टाचले आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातले. बाहेर वीज कडाडली. तो दचकला, प्लगकडं बघितलं, आणि प्लग न उपटता म्हणाला, "ठाण्यात जाऊया. जीप यायच्या आत. मला लई भ्या वाटतंय, अक्का, तुम्ही पुढं चाला." मी म्हणाले, मलाही वाटतंय. मयूरीनं चाकाची बॅग दुकानातच सोडली.

पारूबाई मात्र हलली नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ती हात उगारणार, आणि तिनं उगारावा असंच मला वाटत होतं. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा उजळला होता.

"तू छापलंस न्हवं?" ती म्हणाली. "मग तुला ठावं असंल. कुठं हाय त्यो?"

मला माहीत नव्हतं. मी तिला तसं सांगितलं. तिनं ऐकलं, पण तिला ते पटलं नाही. ज्या बाईनं पत्त्याचा कागद केला तिला पत्ता ठाऊक नाही, असं कसं होईल?

तक्रार दिली. मी काय केलं तेही माझ्या हातानं लिहून दिलं. गुरुदास त्या संध्याकाळपासून रामनगरात दिसलेला नाही. त्या तिकिटावर आणखी चार नावं होती, त्यांची घरं पोलिसांनी शोधली. चारही घरी आवाज बंद होऊन नुसते लिहिलेले मेसेज येत होते. मयूरीच्या फोनवर अजून मेसेज येतात, का आली नाहीस म्हणून. ती उत्तर देत नाही आणि नंबर बंदही करू देत नाही.

त्या दिवसाला आज चोवीस दिवस झाले. प्रशांत पूर्वीसारखाच भितो आणि मी त्याला त्यावरून बोलायचं सोडलंय. दर बाजारच्या दिवशी पारूबाई गुंदहून येते. ठाण्यात आधी जात नाही, प्रशांतकडंही जात नाही. माझ्या मशीनसमोर येऊन उभी राहते, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबते, आणि हळू आवाजात, मी आज तरी सांगेन अशा आशेनं विचारते, "यमुनाबाई, कुठं हाय त्यो?"